दिवसाला चार सेकंद पुढे

घड्याळाचं झाकण उघडायला मला दोन मिनिटं लागतात. गिऱ्हाईकाचं तोंड बंद व्हायला पाऊण तास! बरं, कोणी काही विचारलेलं नसतं हं. "सर्व्हिसिंगला टाकायचंय" एवढं एक वाक्य बोलायला आलेला माणूस स्टुलावर बसतो, मनगटावरचं घड्याळ काढतो, आणि त्या घड्याळाबरोबर त्याचं लग्न, सासरे, साडू, बॉस, सोसायटीचा सेक्रेटरी असं सगळं काउंटरवर येऊन पडतं. घड्याळं दुरुस्त होऊन घरी जातात. बाकीचं सगळं माझ्याकडेच राहतं. अठरा वर्षांत इतकं साठलंय की म्हटलं, आता थोडं रिकामं करू या.

आधी आमची टीम सांगते. अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या खांबांसमोर एक जुनी कमर्शियल बिल्डिंग आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर आमचं दुकान. घड्याळं विकत घेणं आणि विकणं हे माझा धाकटा भाऊ नीलेश बघतो. सेकंडहँड म्हटलं की त्याला राग येतो. "प्री-ओन्ड म्हण ताई, प्री-ओन्ड लक्झरी!" ती उघडणं, साफ करणं, तेल घालणं आणि टायमिंग लावणं हे माझं काम. आणि खिडकीजवळच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून बसलेले डॉमनिक अंकल. मरोळ गावठाणातले, वय बहात्तर, मला हे काम शिकवणारे. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची घड्याळं आहेत, स्प्रिंगवर चालणारी आणि खेळण्यातली. बॅटरीचं घड्याळ ते हातात घेत नाहीत. घेतलंच तर चिमट्याने.

नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या डोक्यावरून मागे बघतं.

"ते घड्याळवाले कुठेत?"

"बोला ना, मीच."

"नाही, म्हणजे उघडणारे."

"मीच उघडते."

यावर एका गृहस्थांनी अगदी काळजीने विचारलं होतं, "आणि बंद कोण करतं?"

*

मुलुंडचे पाठारेकाका. पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर स्वतःला बक्षीस म्हणून नीलेशकडून एक स्विस घड्याळ घेऊन गेले आणि पाचव्या दिवशी वही घेऊन हजर! वहीत रोज सकाळी सातचं आणि संध्याकाळी सातचं रीडिंग, लाल पेनाने.

"दिवसाला चार सेकंद पुढे जातंय," ते म्हणाले. आवाज असा, की घरात चोरी झालीय.

मी समजावलं, "काका, हे स्प्रिंगवर चालणारं मशीन आहे. चार सेकंद म्हणजे फर्स्ट क्लास. दिवसात शहाऐंशी हजार चारशे सेकंद असतात, त्यातले फक्त चार इकडचे तिकडे!"

"पण ते चार गेले कुठे?"

अंकलनी भिंग वर केलं. "साहेब, मागे पडत असतं तर टेन्शन. हे पुढे जातंय. कुठंही जायचं असेल तर तुम्ही चार सेकंद आधी पोचणार."

"कुठे पोचणार?" काका ओरडले. "मी रिटायर झालोय!"

शेवटी मी त्यांना आमच्या धंद्यातली एक गंमत सांगितली. चावीचं घड्याळ कसं ठेवलंय त्यावर त्याची चाल बदलते. पाठीवर झोपवलं तर जरा पुढे, कुशीवर ठेवलं तर जरा मागे. "रात्री कुशीवर ठेवा. दिवसभर जे पुढे गेलं असेल ते रात्री फिटून जाईल."

आठवडाभराने काकांचा मेसेज आला. त्यात फक्त एक मोठ्ठं शून्य आणि नाचणारी तीन माणसं.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी फोन. "मी पाठारेबाई बोलतेय, मुलुंडहून. ह्यांना घड्याळ कुशीवर झोपवायला तुम्ही सांगितलंत?"

"हो काकू. जमलं ना?"

"घड्याळाचं जमलं हो! ते मस्त झोपतंय आमच्या दोघांच्या मध्ये. मला मात्र दहा दिवस कुशीवर वळू देत नाहीयेत. गादी हलते म्हणे!"

*

घाटकोपरचे एक साहेब तणतणत जिना चढून आले. डायव्हिंगवाल्यांचं दणदणीत घड्याळ, आणि काचेच्या आतून अशी वाफ धरलेली, की इडलीचा कुकर परवडला.

"वाचा," त्यांनी घड्याळ नीलेशच्या नाकासमोर धरलं. "डायलवर काय लिहिलंय? तीनशे मीटर! तीनशे मीटर खोल पाण्यात काही होणार नाही असं तुम्हीच म्हणाला होतात."

नीलेशचा चेहरा पांढराफटक. त्याने अदबीने विचारलं, "सर, किती खोल गेला होतात?"

"खोल? मला पोहायला येत नाही."

"मग?"

"गाडी धूत होतो. बादलीत हात घातला."

अंकलनी घड्याळ हातात घेतलं. टाइम लावायची जी बाजूची चावी असते, ती या घड्याळांत फिरवून घट्ट आवळायची असते. ती अख्खी बाहेर लोंबत होती.

"साहेब," अंकल म्हणाले, "पाणबुडी झाली तरी दरवाजा लावून खाली जावं लागतं."

साहेबांनी चावी बोटाने हलवून बघितली. मग हळूच माझ्याकडे वाकून म्हणाले, "दरवाजा असतो होय याला?"

*

नीलेशचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो आता इथेच बसलाय आणि "ताई, नको ना यार" म्हणतोय, तरी सांगते.

एकदा तो दुपारी दुकानात शिरला तो नाचतच. "ताई, झकास पीस मिळालाय! बॉक्स आहे, पेपर्स आहेत, परदेशातल्या माणसाकडचा आहे. सेकंदकाटा बघ, सेकंदकाटा!"

मी बघितला. चांगल्या ऑटोमॅटिक घड्याळाचा सेकंदकाटा असा सरकत जातो, पाण्यावर होडी जावी तसा. हा मात्र टक, टक, टक, शाळेच्या कवायतीसारखा.

"नील्या, हा उड्या मारतोय."

"नवीन तेल असेल."

अंकलनी काही न बोलता ते आमच्या मशीनवर लावलं. हे मशीन घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि स्क्रीनवर रेघ काढतं. घड्याळ किती पुढे, किती मागे, सगळं त्या रेघेवरून कळतं. स्क्रीनवर रेघ सोडाच, तांदळात खडे असावेत तसे चार ठिपके आले. मशीनसुद्धा गोंधळलं बिचारं.

अंकलनी मागचं झाकण उघडलं. आत बघितलं. मग टेबलावरचा चिमटा शोधायला लागले, तेव्हाच मला कळलं.

"बेटा, हे ऑटोमॅटिक आहे म्हणालास ना?"

"शंभर टक्के ऑटोमॅटिक!"

"मग ही बॅटरी कसली?"

नीलेशने वाकून आत बघितलं. गोल, चकचकीत, बटणाएवढी बॅटरी. बाहेर मेट्रो येऊन थांबली, सुटली, तरी हा बघतोच आहे. मग सरळ उभा राहिला, शर्ट नीट केला आणि म्हणाला,

"बॅकअप असेल!"

ज्याने विकलं त्याच्याकडे तो दुसऱ्याच दिवशी जाऊन भांडला आणि घड्याळ परत देऊन आला, हे त्याचं कौतुक. पण आजही आमच्याकडे कोणी काही विसरलं, चुकलं, डबा घरी राहिला, की बाकीचे दोघं एका सुरात म्हणतात, "बॅकअप असेल!"

*

विलेपार्ल्याचे एक गुरुजी आमचे जुने मेंबर. घड्याळांचे प्रचंड शौकीन. सोवळ्यावर स्विस घड्याळ घालून लग्नं लावणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ते एका सोमवारी आले ते घाम पुसतच.

"वैशालीताई, अनर्थ झालाय."

मी पाणी दिलं. गुरुजी ते एका दमात प्यायले.

"काल लग्न लावलं. या घड्याळावर बघून, बरोब्बर मुहूर्तावर शेवटचं 'सावधान' म्हटलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, हार घातले, मुलीच्या आईने रडूनसुद्धा घेतलं. आणि मग मुलीच्या मामाच्या मोबाइलचा अलार्म वाजला."

"कसला अलार्म?"

"मुहूर्ताचा! मी अकरा मिनिटं आधीच लग्न लावलं होतं!"

मामांनी सगळ्यांदेखत विचारलं म्हणे, "गुरुजी, आता पुन्हा लावायचं की हेच चालेल?"

मी घड्याळ मशीनवर लावलं. रेघ सरळ कुठली, स्क्रीनवरून पळूनच चालली होती. हे कशाने होतं ते मला माहीत होतं. "गुरुजी, पूजेच्या वेळी घड्याळ काढून कुठे ठेवता?"

"उंचावर ठेवतो. पाणी-कुंकू लागू नये म्हणून. काल साउंडवाल्याच्या स्पीकरवर ठेवलं होतं."

झालं! स्पीकरमध्ये हा मोठा लोहचुंबक. घड्याळाच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, तिला चुंबक लागला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ उधळतं. त्यावरचा इलाज दहा सेकंदांचा. एका छोट्या डबीवर घड्याळ धरायचं, बटण दाबायचं, हळूहळू वर उचलायचं. केलं. रेघ सरळ.

"घड्याळ सुधारलं हो," गुरुजी रडवेले होऊन म्हणाले, "पण लग्नाचं काय?"

माझ्याकडे त्याला डबी नव्हती. मी अंकलकडे बघितलं. अंकल रविवारी चर्चला जाणारा माणूस, त्यांना मुहूर्तातलं काय कळणार? पण त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "गुरुजी, नवरा-नवरी कशी आहेत?"

"उत्तम आहेत. सकाळीच दोघांचा हसतानाचा फोटो आला. मला थँक्यूपण म्हणालेत."

"मग झालं तर. मुहूर्त तोच होता. तुमचं पंचांग अकरा मिनिटं मागे पडत असेल. ते टाका सर्व्हिसिंगला!"

गुरुजी आधी चिडले, मग त्यांचे गाल हलायला लागले, आणि मग जे हसत सुटले ते जिना उतरून रिक्षात बसेपर्यंत आम्हाला ऐकू येत होते.

*

खारदांड्याहून रंजनाबाई आपल्या मुलाला, प्रथमेशला, अक्षरशः दंडाला धरून घेऊन आल्या. प्रथमेश वांद्र्याच्या कॉम्प्लेक्समध्ये मोठ्या ऑफिसात आहे. पहिल्या बोनसमधून त्याने आमच्याकडून ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं होतं, आणि ते बंद पडतं म्हणून ही त्याची तिसरी खेप.

"तुम्ही माझ्या पोराला बिघडलेलं घड्याल दिलं," रंजनाबाईंनी काउंटरवर हात आपटला. आमच्या ट्रेमधले स्क्रू उडाले. "दोनदा आला, दोनदा तुम्ही सांगितलं काय नाय झालंय. आज मी आलीय. आता सांगा!"

मी खरंच हैराण होते. आमच्याकडे फिरत्या स्टँडवर हे घड्याळ तीन-तीन दिवस सुरेख चालायचं. त्याच्या हातात गेलं की मेलं. रंजनाबाईंसारख्या बाईला खोटं ठरवायची माझी हिंमत नव्हती, आणि घड्याळाला खोटं ठरवायची इच्छा नव्हती.

अंकल पुढे आले. "बाय, याला चावी द्यायला लागत नाही. आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की चावी आपोआप भरते. बेटा, तू दिवसभर हात हलवतोस ना?"

"ऑफकोर्स," प्रथमेश म्हणाला.

"काय करतोस?"

"लॅपटॉपवर असतो. माउस हलवतो."

"माउस कुठल्या हातात?"

"उजव्या."

"घड्याळ?"

"डाव्या."

"बरं, चालणं-बिलणं?"

"खालून कॅब. वर लिफ्ट."

"जेवताना?"

"जेवताना डाव्या हातात मोबाइल असतो."

रंजनाबाईंनी पदर कमरेला खोचला. आता त्या सावकाश मुलाकडे वळल्या. "मी कवापासून बोंबलतेय! हा घरात हात हलवत नाय, हात हलवत नाय. कोण ऐकत नव्हतं माझं. आता मशीननं पण सांगितलं!"

"आई, प्लीज ना."

"काढ ते. आठ दिवस मी घालते."

आणि त्यांनी घातलं! पहाटे बाजार, मग टोपली, मग दिवसभर डाव्या हातात मासा आणि उजव्या हातात कोयता. आठ दिवसांनी दोघं घड्याळ घेऊन आले. मशीनवर लावलं, तर अशी रेघ, जशी कोणी पट्टीने आखलीय. चावी काठोकाठ भरलेली. अंकल म्हणाले, "शोरूमच्या नवीन पीसची एवढी सुंदर लाइन मी बघितली नाही!"

फक्त पट्ट्याच्या कड्याकड्यांत चांदीसारखे खवले अडकले होते. मी पट्टा काढून घड्याळं धुवायच्या मशीनमध्ये धुतला. पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धुतला. नीलेशने स्वतःचा परफ्यूम मारला.

रंजनाबाईंनी जाताना नियम सांगितला, "रोज सकाळी झाडू मारायचा, डाव्या हातानं. मगच घड्याल भेटेल."

दोन दिवसांनी प्रथमेशचा फोन आला. आवाज अगदी हळू. "मॅडम, टाइम परफेक्ट आहे. पण मीटिंगमध्ये मी हात वर केला तर बॉसने विचारलं, आज कॅन्टीनला सुरमई आहे का?"

*

गोरेगावच्या एका स्टुडिओत सीरियलचं शूटिंग होतं. हिरो म्हणजे कोट्यधीश घराण्याचा मुलगा, त्यामुळे त्याच्या हातात भारी घड्याळ हवं. नीलेशने दिलं, आणि घड्याळाला पोरीसारखं सांभाळायला स्वतः सेटवर जाऊन बसला.

तिथल्या मॅडम म्हणाल्या, "याचे काटे फिरतायत. आमचा एकच सीन पाच दिवस चालणार आहे, प्रत्येक शॉटमध्ये वेगळी वेळ दिसेल, कंटिन्युइटीची वाट लागेल. घड्याळ बंद करून द्या."

नीलेशने जड हाताने चावी बाहेर ओढली. घड्याळ थांबलं, दहा वाजून दहा मिनिटांवर.

महिनाभराने तो सीन टीव्हीवर आला. आमची आई कुडाळहून आलेली, ती एकटक बघत होती. सासू आयसीयूत. हिरो घड्याळ बघून किंचाळतो, "वेळ हातातून निसटून चाललीय डॉक्टर!" दुसऱ्या दिवशी पुन्हा किंचाळतो. तिसऱ्या दिवशीसुद्धा.

चौथ्या दिवशी आईने चष्मा काढला आणि नीलेशला म्हणाली, "मेल्या, खंय निसटता? दहा वाजान दहाच झालेत अजून!"

*

एक गोष्ट जरा वेगळी सांगते. मागच्या वर्षी अंकलच्या हातून स्क्रू पडायला लागले. घड्याळातला स्क्रू म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक. आधी आठवड्याला एक पडायचा, मग दिवसाला तीन-चार. अंकल म्हणायचे, "बल्ब बदल, उजेड कमी झालाय." मी दोनदा बल्ब बदलला. तिसऱ्यांदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

ऑपरेशनला ते तयार होईनात. दुकानात बसून माझ्यावर चिडायचे. एकदा सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर म्हणाले, "डोळ्याचं काय कमी-जास्त झालं तर मी घरी बसून काय करू, बाय? दुसरं काय येतंय मला?" नीलेश म्हणाला, "बॅटरीची घड्याळं करायची. ती डोळे मिटूनपण होतात." त्या रागात ते ऑपरेशनला तयार झाले!

दोन्ही डोळे झाले. दीड महिन्याने डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. त्या सकाळी मी त्यांचं टेबल पुसून ठेवलं, हत्यारं मांडून ठेवली, आणि त्यांच्यासमोर सर्व्हिसला आलेलं एक जुनं घड्याळ ठेवलं. नीलेश एकच शोकेस वीस मिनिटं पुसत होता.

अंकलनी भिंग लावलं. झाकण उघडलं. आत बघत राहिले.

"अंकल, दिसतंय ना?"

मग त्यांनी चिमट्याने एक स्क्रू उचलला, उजेडात धरला, आणि पुन्हा जागेवर ठेवला. हात एकदम स्थिर.

आणि मग ओरडले, "कुठल्या गाढवानं उघडलं होतं हे? तेल बघ, तेल! श्रीखंडासारखं थापलंय! ह्या स्क्रूचं डोकं बघ, दातांनी काढला होता काय? आणि हा काय, केस? आत पांढरा केस? अशा माणसाला दुकानातून हाकलून द्यायला पायजे!"

आमच्या कामात एक रीत आहे. घड्याळ ज्याने उघडलं तो झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने आपली बारीक खूण आणि तारीख कोरून ठेवतो. पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

अंकलनी झाकण उलटं केलं, डोळ्याजवळ नेलं. तारीख मागच्या वर्षीची होती. मग ते पालथं घातलं, सावकाश भिंग पुसलं आणि मला म्हणाले,

"तो बल्ब खरंच खराब होता गं."

*

आता हा शेवटचा.

बोरिवलीचे डॉक्टर सामंत. होमिओपॅथीचं क्लिनिक आहे, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मनगटावर सव्वीस वर्षांपूर्वी, परदेशी निघालेल्या मित्राकडून घेतलेलं स्विस घड्याळ. ते आमच्याकडे सर्व्हिसला आलं. आलं तेव्हा वीस मिनिटं पुढे होतं. मी उघडलं, धुतलं, तेल घातलं, आणि सहा दिवस टायमिंग लावून असं केलं, की दिवसाला फक्त दोन सेकंद! परत देताना म्हटलं, "डॉक्टर, पंधरा दिवस रोज मोबाइलशी ताडून लिहून ठेवा. मला रीडिंग हवंय." मी स्वतःवर जाम खूश होते.

आठवड्याने सामंतकाकू एकट्याच आल्या. "तुम्ही घड्याळ बिघडवलंत."

"काय झालं काकू?"

"बरोबर चाललंय!"

मला काही समजेना. काकूंनी स्टूल पुढे ओढलं. "लग्न झाल्यापासून ह्यांना वेळेचं भान नाही. पेशंट जिन्यात बसलेले असायचे आणि हे घरी पेपर वाचायचे. हे घड्याळ घेतलं आणि मला युक्ती सुचली. हे आंघोळीला गेले की मी रोज बघायची, आणि काटा वीस मिनिटं पुढे नसला तर करून ठेवायची. सव्वीस वर्षं! ह्यांना अजून पत्ता नाही."

"आणि मोबाइल? त्यावर खरी वेळ दिसते ना?"

"मोबाइल मागे पडलाय म्हणतात. नेटवर्क नसेल म्हणे!"

"मग आताही करा की पुढे."

"कशी करू? तुम्ही रोज लिहायला सांगितलंत ना! लगेच पकडली जाईन." मग काकूंनी आवाज खाली आणला. "आणि पेशंटचं सोडा हो. हे वीस मिनिटं लवकर गेले की मी दाराला कडी लावते, दुसरा चहा करते आणि बहिणीला फोन लावते. त्यानंतर बाई येते, मग भाजीवाला, मग नातू. दिवसात तेवढीच वीस मिनिटं माझी आहेत. काहीतरी करा."

मी "बघते" म्हटलं. काकू गेल्या.

त्याच दिवशी दुपारी डॉक्टर आले. एकटे. इकडेतिकडे बघत.

"मॅडम, घड्याळ जरा बघा ना."

"का, डॉक्टर? पुढे जातंय?"

"नाही हो. पुढे जात नाहीये, तोच प्रॉब्लेम आहे!"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बायको रोज वीस मिनिटं पुढे करून ठेवते," डॉक्टर म्हणाले. "मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. पण मी काही बोललो नाही. घरातून धावतपळत निघतो, आणि क्लिनिकच्या अलीकडच्या गल्लीत बसून मिसळ खातो. माझी मुलगी हार्ट स्पेशालिस्ट, तिने तिखट, तेल, फरसाण, सगळं बंद केलंय. आठ दिवस झाले, घड्याळ बरोबर, मिसळ बंद!"

"मग तुम्हीच करा ना पुढे."

"मी कसा करणार? मग तिला कळेल ना, मला माहिती आहे ते!"

मी दोघांनाही फोन केला, की फायनल अ‍ॅडजस्टमेंट राहिलंय, घड्याळ आणून द्या. आणून दिलं. शनिवारी न्यायला दोघं एकत्र आले. स्टुलांवर शेजारी शेजारी बसले. डॉक्टर पंख्याकडे बघत होते. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. अंकलनी घड्याळ ट्रेमध्ये ठेवून आणलं, वर रुमाल झाकलेला.

"टायमिंग झालं ना व्यवस्थित?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम," मी म्हटलं. "दिवसाला दोन सेकंद पुढे."

"दोनच?" काकू म्हणाल्या.

"दोनच?" डॉक्टर म्हणाले.

अंकलनी रुमाल काढला. "दोन सेकंद. आणि वीस मिनिटं."

आमच्या भिंतीवर अकरा घड्याळं आहेत, अकराही बरोबर, आणि ती सगळी त्या दोघांच्या अगदी समोर होती. डॉक्टरांनी घड्याळ उचललं, मनगटावर चढवलं, वेळ बघितली आणि दचकून उभे राहिले.

"अगं, चल चल! उशीर झाला!"

"तेच म्हणते मी केव्हाची," काकू म्हणाल्या आणि पर्स बंद करून जिन्याकडे धावल्या.